साध्या वर्गातील आसन : मुंबई ते कोलंबो

विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी मी इतिहासावर काही लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना होती. मी मात्र एका विमानप्रवासाविषयी लिहीत आहे. दोन वर्षांपूर्वी पालीहून आम्ही अकरा जण श्रीलंकेस जाऊन आलो. तेव्हापासून माजी विद्यार्थी वा पालक भेटले की अनुराधपूरच्या बोधिवृक्षाविषयी एक प्रश्न विचारतात आणि विमानाविषयी दहा. कान दुखतात का, खायला काय देतात, पासपोर्ट कसा निघतो, इंग्रजी येत नसेल तर काय करावे? हे प्रश्न क्षुल्लक नाहीत. ज्यांच्या घरातून आजवर कोणी विमानात बसलेले नाही, त्यांच्या मनातील ही खरी धास्ती आहे, आणि ती दूर करणे हे शिक्षकाचे काम आहे असे मी मानतो.

आमच्यात तीन शिक्षक, एक निवृत्त एस.टी. वाहक, काही पालक, दोन माजी विद्यार्थी आणि सत्तरी ओलांडलेल्या एक आजी होत्या. आजींचे आयुष्य भाताच्या खाचरात आणि वीटभट्टीवर गेलेले. त्यांचा नातू आपल्या विद्यालयात शिकला, नोकरीस लागला, आणि त्याने पहिल्या बचतीतून आजीचे तिकीट काढले.

प्रवासाची सुरुवात विमानतळावर होत नाही. ती शाळेच्या जनरल रजिस्टरात होते. पासपोर्टची कागदपत्रे जमवताना आम्हां अकरांपैकी पाच जणांची जन्मतारीख १ जून निघाली. वाचकांतील अनेकांना याचे कारण ठाऊक असेल. जून महिन्यात शाळा सुरू होई. बाप मुलाला हाताला धरून आणी. जन्माची नोंद कोठेच नसे. गुरुजी मुलाच्या उंचीवरून वर्ष ठरवीत आणि तारीख १ जून लिहीत. एका पिढीचा वाढदिवस असा एकाच दिवशी आला. तारीख खोटी असली तरी ती सर्व कागदांवर एकच असेल तर अडचण येत नाही. अडचण येते ती नावांची. शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे, पॅनकार्डावर तिसरे. स्त्रियांच्या बाबतीत दाखल्यावर वडिलांचे नाव व माहेरचे आडनाव, आणि आधारवर पतीचे नाव. आमच्यातील दोन भगिनींचे अर्ज एवढ्यासाठी परत आले आणि दोन महिने गेले. विमानाच्या तिकिटावरील नाव पासपोर्टवरील नावाशी जुळावे लागते. एखादे अक्षर चुकले तरी ते दुरुस्त करून घेण्यात पैसा आणि वेळ जातो. म्हणून पालकांना माझी कळकळीची विनंती आहे की, मूल शाळेत असतानाच दाखल्यावरील नाव नीट वाचून घ्यावे. शिक्षकांनाही तीच विनंती आहे, कारण घाईने लिहिलेले ते एक अक्षर विद्यार्थ्याला आयुष्यभर निस्तरावे लागते.

आजींचे दहाही बोटांचे ठसे यंत्रावर उमटेनात. विटा उचलून बोटांवरील रेषा झिजल्या होत्या. तेथील कर्मचारी मुलीने हात ओलसर फडक्याने पुसून, बोटे एकेक करून दाबून पाहिली आणि बऱ्याच वेळाने ते काम झाले. 'रेघाच राह्यल्या नाय,' एवढेच आजी म्हणाल्या.

आणखी एक गोष्ट पालकांनी विशेष लक्षात घ्यावी. आपल्या जिल्ह्यातील अनेक तरुण आखाती देशांत कामासाठी जातात. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार, ओमान, मलेशिया इत्यादी अठरा देशांत नोकरीसाठी जाताना, ज्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' अशी नोंद असते त्याला सरकारच्या प्रवासी-संरक्षक कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. १९८३ च्या कायद्याने केलेली ही व्यवस्था मजुरांची फसवणूक होऊ नये म्हणून आहे आणि तिचा हेतू चांगला आहे. परंतु दहावी उत्तीर्ण झालेल्यास ही नोंद लागत नाही. (पन्नाशी उलटलेल्यांनाही लागत नाही, म्हणून आजी सुटल्या.) दहावीच्या गुणपत्रिकेचा असाही एक उपयोग आहे, हे मी आता वर्गात सांगतो. श्रीलंका त्या अठरा देशांत नाही. तेथे पर्यटक म्हणून जाण्यासाठी आम्ही इंटरनेटवरून प्रवास-परवानगी आधीच घेतली होती. हे नियम वरचेवर बदलतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी ते पाहून घ्यावेत. पासपोर्टची मुदत मात्र किमान सहा महिने शिल्लक असावी.

आता तिकिटाविषयी. तिकिटावर 'इकॉनॉमी' असा शब्द असतो. मी त्यास साधा वर्ग म्हणतो. विमानात वर्ग आले ते रेल्वे आणि बोटींकडून. आपल्याकडे रेल्वेचा तिसरा वर्ग १९७४ पर्यंत होता, मग त्याचे नाव बदलून दुसरा झाला. बोटींवर डेकचे उतारू असत. विमान मात्र प्रारंभी केवळ श्रीमंतांचे वाहन होते. १९५२ मध्ये युरोप-अमेरिका मार्गावर विमान कंपन्यांनी 'टूरिस्ट' नावाचा स्वस्त वर्ग सुरू केला आणि १९५८ मध्ये त्याहून स्वस्त असा 'इकॉनॉमी' वर्ग आला. त्यामागील हिशेब सोपा आहे. इंधन, वैमानिकांचे वेतन, विमानतळाचे भाडे हा खर्च विमानात शंभर माणसे बसली काय किंवा एकशेऐंशी बसली काय, बव्हंशी तेवढाच येतो. आसने जितकी अधिक, तितका प्रत्येकाच्या वाट्याचा खर्च कमी. म्हणून साध्या वर्गातील आसनाची रुंदी सतरा-अठरा इंच असते, आणि एका आसनापासून पुढच्या आसनापर्यंतचे अंतर अठ्ठावीस ते एकतीस इंच. उंच माणसाचे गुडघे पुढच्या आसनास टेकतात. आमचे वाहक मित्र म्हणाले की, एस.टी.च्या साध्या गाडीत पाय मोकळे राहतात. अडीच तासांच्या प्रवासात ही अडचण सोसवते.

एकाच रांगेत बसलेल्या तिघांनी तीन निरनिराळ्या किमती दिलेल्या असतात, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. तिकिटाची किंमत मागणीप्रमाणे रोज, कधी कधी तासातासाने बदलते. आम्ही तीन महिने आधी तिकिटे काढली म्हणून ती परवडली. सायंकाळचे उड्डाण निवडले ते पालीहून सकाळी निघून त्याच दिवशी पोहोचता यावे म्हणून. आंतरराष्ट्रीय प्रवासास तीन तास आधी विमानतळावर हजर राहावे लागते; पेण, पनवेल आणि मुंबईची वाहतूक धरून आम्ही सकाळी दहालाच पाली सोडली. (पनवेलजवळच्या नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले आहे. तेथून परदेशी जाता येऊ लागले की आपल्याकडील लोकांचा अर्धा दिवस वाचेल.)

सायंकाळच्या विमानाचा एक दोष सांगितला पाहिजे. एकच विमान पहाटेपासून फेऱ्या करीत असते. सकाळी कोठे पंधरा मिनिटे गेली, दुपारी वीस, की तो उशीर साचत साचत सायंकाळच्या प्रवाशांच्या पदरी पडतो. आमचे विमान एक तास चाळीस मिनिटे उशिरा सुटले. तेवढ्या वेळात आजींनी भाकरी आणि सुकटीची चटणी सोडली आणि आम्ही सर्वांनी ती वाटून खाल्ली. घरचे कोरडे खाणे हातातील पिशवीत नेता येते. पाणी मात्र तपासणीच्या पलीकडे नेता येत नाही. शंभर मिलीलिटरहून मोठ्या बाटलीतील कोणताही द्रव चालत नाही. रिकामी बाटली न्यावी आणि आत भरून घ्यावी. मोबाइल चार्ज करण्याची पॉवर बँक हातातल्या पिशवीतच ठेवावी. आणि आपल्या कोकणी माणसांसाठी खास सूचना अशी की, वजन करून सोपवायच्या सामानात सुके खोबरे ठेवू नये. त्यातील तेलामुळे ते ज्वलनशील मानले जाते आणि पेटी उघडून काढून टाकले जाते.

विमानात सहा-सहा आसनांच्या रांगा होत्या. मधून वाट, दोन्ही बाजूंस तीन-तीन. माझे आसन २३ ए, म्हणजे डावीकडील खिडकीचे. पुढे चार रांगांनंतर एक पडदा होता आणि त्यापलीकडे महागडा वर्ग. आमच्यातील एका तरुण शिक्षकाने तो पडदा पाहून विचारले, 'सर, इथेही वर्णव्यवस्था?' मी त्यास म्हणालो, हा भेद पैशाचा आहे, जन्माचा नाही. पैसे दिले तर पडद्यापलीकडे कोणीही बसू शकतो. तो म्हणाला, पैसे कोणाकडे असतात ते जन्मावरच ठरते ना? त्याचे म्हणणे मला पूर्णपणे खोडता आले नाही. तरीही फरक आहे, आणि तो लहान नाही.

तो फरक समजण्यासाठी बाबासाहेबांचे एक लहानसे आत्मकथनपर लेखन वाचावे. ते त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले आणि त्याच्या शीर्षकातच व्हिसा हा शब्द आहे : 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. त्यातील पहिला प्रसंग १९०१ चा आहे. लहानगे भीमराव, त्यांचे बंधू आणि भाचे वडिलांना भेटण्यास निघतात, मसूर स्थानकावर उतरतात, आणि जात कळताच त्यांना कोणी गाडीवान मिळत नाही. अखेर दुप्पट भाडे देऊन, मुलांनी स्वतः बैल हाकावेत आणि गाडीवानाने पायी चालावे, अशा अटीवर गाडी मिळते. भाडे दिले होते, आसन होते. परंतु रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. पुढे १९२९ साली, सरकारी समितीचे सदस्य असताना, चाळीसगावात टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला. वस्तीतील लोकांनी आपल्यापैकीच एकाला टांगा हाकायला बसवले, आणि सवय नसल्याने त्याच्या हातून अपघात होऊन बाबासाहेब जखमी झाले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी ते मुंबईहून 'पद्मावती' बोटीने आपल्याच जिल्ह्यातील दासगाव बंदरात उतरले होते. आपल्या समाजाचा प्रवासाचा इतिहास लिहायचा झाला तर तो वाहनांचा नव्हे, वाहनात कोण बसू देते याचा लिहावा लागेल.

विमान धावपट्टीवर वेग घेते तेव्हा पाठ आसनाला दाबली जाते आणि जमीन सुटते त्या क्षणी पोटात किंचित खड्डा पडतो. भीती वाटणे स्वाभाविक आहे. ती मिनिटभराची असते. कान दडे बसल्यासारखे होतात, कारण वर जाताना भोवतालचा वायुदाब कमी होतो आणि कानाच्या पडद्यामागील हवा तितक्या त्वरेने बाहेर पडत नाही. आवंढा गिळावा, गोळी चघळावी, जांभई द्यावी. उतरताना हा त्रास अधिक होतो. लहान मुलांना त्या वेळी दूध वा पाणी पाजावे, आणि सर्दी असलेल्याने डॉक्टरांना विचारून निघावे. विमान पस्तीस हजार फुटांच्या आसपास उडते. बाहेर तापमान शून्याखाली पन्नास अंश असते. आतील दाब यंत्राने राखलेला असतो, परंतु तो जमिनीवरच्याइतका नसतो. सहा ते आठ हजार फूट उंचीवर जेवढा असावा तेवढा असतो. आपल्या राज्यातील सर्वांत उंच कळसूबाई शिखर ५,४०० फुटांचे. म्हणजे आसनावर बसल्या बसल्या आपण कळसूबाईहून विरळ हवेत श्वास घेत असतो. हवा कोरडीही असते, त्यामुळे तोंड सुकते आणि अन्नाची चव मंद लागते. विमानातील जेवण बेचव म्हणणाऱ्यांनी थोडा दोष या हवेला द्यावा.

उड्डाण पश्चिमेकडे, समुद्रावरून झाले आणि मग विमान दक्षिणेस वळले. उशिरामुळे सूर्य केव्हाच मावळलेला होता. (वेळेवर निघालेल्यास दक्षिणेकडे जाताना उजव्या खिडकीतून सूर्यास्त दिसेल, आणि तो जमिनीवरच्यापेक्षा दहा-बारा मिनिटे उशिरा होईल, कारण उंचीवरून क्षितिज दूर जाते.) डावीकडे आमच्या किनाऱ्याचे दिवे दिसत होते. त्यांतील अलिबाग कोणते आणि रेवदंडा कोणते हे मला ओळखता आले नाही. रेवदंड्याशेजारचे चौल हे कान्हेरीच्या शिलालेखांत 'चेमुल' म्हणून आलेले प्राचीन बंदर. आपल्या सुधागड तालुक्यातील ठाणाळे आणि खडसांबळे येथील लेणी ज्या घाटवाटांच्या पायथ्याशी आहेत, त्यांवरून उतरणारा माल याच किनाऱ्याकडे जात असे. 'महावंस' या सिंहली पाली ग्रंथात लंकेस जाणाऱ्या विजयाचे जहाज आधी सुप्पारकास, म्हणजे आपल्या सोपाऱ्यास लागल्याची कथा आहे. पाचव्या शतकाच्या प्रारंभी चिनी भिक्षू फा-हियान ताम्रलिप्तीहून लंकेस गेला तेव्हा त्यास समुद्रावर चौदा दिवस आणि चौदा रात्री लागल्या. मुंबई-कोलंबो हे सुमारे दीड हजार किलोमीटरचे अंतर आज अडीच तासांत संपते. बाबासाहेब कायदामंत्री असताना मे १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेस गेले होते. आम्हांलाही पुढे कँडीला जायचे होते.

थोड्या वेळाने कर्मचारी ढकलगाडी घेऊन रांगेरांगेने आले. एकच गाडी, एकच पाणी, आणि क्रम आसनांच्या आकड्यांचा. आजी माझ्या रांगेत वाटेकडील आसनावर होत्या. त्यांनी पेला घेतला, पाणी प्यायल्या, आणि रिकामा पेला पदराने आतून-बाहेरून पुसू लागल्या. कर्मचारी मुलगा तो घेण्यासाठी हात पुढे करून उभा. त्याला वाटले, त्यांना आणखी पाणी हवे आहे. आजींनी मला विचारले, 'इसळायला पाणी कुठं हाय?' तरुण वाचकांना हे कळणार नाही म्हणून सांगतो. गावच्या हॉटेलाबाहेर आपल्या लोकांसाठी वेगळ्या कपबश्या ठेवलेल्या असत. चहा पिऊन झाल्यावर त्या आपणच विसळून जागेवर ठेवायच्या असत. मी म्हणालो, 'आजी, तो नेतो.' त्यांनी पेला त्याच्या हातात दिला. त्याने तो घेतला आणि पुढच्या रांगेकडे गेला. त्याला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

आमच्या दोघांच्या मध्ये एक मराठी गृहस्थ बसले होते. बोलके होते. मुलगा काय करतो, पालीत पाऊस किती पडतो, अशी चौकशी झाली. मग त्यांनी आडनाव विचारले. मी सांगितले. ते आडनाव दोन-तीन समाजांत आढळते, म्हणून ते म्हणाले, 'म्हणजे मूळचे कुठले?' हा प्रश्न भूगोलाचा नसतो हे आपणां सर्वांस माहीत आहे. मी म्हणालो, 'आम्ही बौद्ध आहोत, कँडी आणि अनुराधपूरला चाललो आहोत.' 'वा, छान,' असे म्हणून त्यांनी कानांना श्रवणयंत्रे लावली आणि पडद्यावर चित्रपट पाहू लागले. ते उद्धट वागले असे मी म्हणणार नाही. आसनांचा क्रम आकड्यांनी लावता येतो. मनातला क्रम तसा लागत नाही, इतकेच.

उतरण्यापूर्वी आतील दिवे मंद केले जातात आणि खिडक्यांची झापे वर करावयास सांगतात. अनेकांना वाटते, ही प्रवाशांना झोप यावी म्हणून केलेली सोय आहे. वस्तुस्थिती उलट आहे. काही अपघात झालाच तर अंधारात बाहेर पडावे लागेल; तेव्हा डोळे आधीच अंधाराला सरावलेले असावेत आणि बाहेर आग आहे की काय हे खिडकीतून दिसावे, म्हणून हे करतात. आसनाची पाठ सरळ करणे, पुढचे फळकूट बंद करणे, ही बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवण्यासाठी. निम्मी दारे बंद असतानाही सर्व प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात, हे सिद्ध केल्यावाचून विमानाच्या नमुन्यास मान्यता मिळत नाही. म्हणून सुरुवातीच्या सूचना ऐकाव्यात आणि आपल्या आसनापासून दारापर्यंतच्या रांगा मोजून ठेवाव्यात.

रात्री समुद्रावर क्षितिज दिसत नाही. वैमानिकाला उपकरणांवरच विसंबावे लागते. १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईस निघालेले एअर इंडियाचे जंबो विमान उड्डाणानंतर काही मिनिटांतच वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले आणि २१३ जण दगावले. विमानाचा कल दाखवणारे उपकरण बिघडले होते आणि अंधारात वैमानिकाचा अंदाज चुकला. त्या विमानाचे नाव 'सम्राट अशोक' होते. त्यानंतर उपकरणांत आणि प्रशिक्षणात पुष्कळ सुधारणा झाल्या आहेत. आज पाली-खोपोली रस्त्यावर मला जितकी भीती वाटते तितकी विमानात वाटत नाही.

कोलंबोचे विमानतळ शहराबाहेर कटुनायके येथे आहे. श्रीलंकेची वेळ आपल्याइतकीच, त्यामुळे घड्याळे बदलावी लागली नाहीत. पासपोर्ट तपासणीच्या रांगेत मी सर्वांत मागे थांबलो, कोणाला काही अडले तर उत्तर देता यावे म्हणून. इंग्रजी न येणाऱ्यांसाठी आम्ही एका कागदावर हॉटेलचा पत्ता, परतीची तारीख आणि प्रवासाचे कारण इंग्रजीत लिहून दिले होते. तो कागद पासपोर्टसोबत पुढे करायचा, एवढेच. सर्वांचे काम त्यावर भागले.

आजींचा पासपोर्ट पाहताना अधिकारी थांबला. माझ्या छातीत धस्स झाले; बोटांच्या ठशांचे काही निघाले की काय? मी पुढे झालो. जन्मस्थानाच्या रकान्यावर बोट ठेवून त्याने इंग्रजीत विचारले, 'पाली? भाषा आहे ती पाली?' मी म्हणालो, आमच्या गावाचे नाव पाली आहे. त्याने शेजारच्या अधिकाऱ्याला हाक मारून सिंहलीत काही सांगितले, तोही हसला. आजींनी मला विचारले, 'काय म्हणतोय?' मी म्हणालो, 'आजी, त्यांना आपलं गाव माहीत आहे म्हणतात.' हे अगदीच खरे नव्हते. आजींनी हात जोडले, त्यानेही जोडले, आणि शिक्का मारून पासपोर्ट परत दिला.

बाहेर रात्री साडेअकराला बस उभी होती. सहलीच्या सवयीने मी दाराशी उभा राहून माणसे मोजली. अकरा भरली.